शेजारून बोगदा जाताना चालू पूल कसा सांभाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाहतूक चालू असलेल्या एका पुलाशेजारून टीबीएमने (बोगदा खणणाऱ्या मशीनने) दोन बोगदे खणायचे आहेत. खणण्याचा व्यास ६.५ मीटर, बोगद्याचा मध्य जमिनीखाली २० मीटरवर. जमीन चिकणमातीची, मध्ये मध्ये वाळूचे थर. पुलाचा मुख्य भाग म्हणजे ३५ मीटरचे तीन गाळे (दोन आधारांमधले भाग), वर सलग काँक्रीट गर्डर (तुळया), खाली पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया. त्याला लागून जुन्या दगडी कमानी, उथळ पायावर उभ्या. नकाशात पाइल २६ मीटर लांब दाखवल्या आहेत आणि सर्वांत जवळच्या पाइलपासून बोगद्याची कड ३ मीटरवर आहे. सल्लागारांनी पाइलभोवती ग्राउटिंग (मातीत दाबाने सिमेंटचं मिश्रण घालणं) सुचवलं आहे. तेवढं पुरेल का?

माझं उत्तर: तेवढ्यावर विसंबू नका. ग्राउटिंग कदाचित लागेल, कदाचित नाही, आणि चुकीच्या जागी केलं तर नुकसानच करेल. पुलाला कशापासून वाचवायचं आहे हे ठरण्याआधीच उपाय ठरलेला दिसतोय, आणि मला खटकतं ते हेच.

सुरुवात पुलापासून करा. पूल किती खचेल हा प्रश्न नंतरचा. आधी त्याच्यात किती सोसायची ताकद शिल्लक आहे ते पाहा. बांधला त्या दिवसापासून तो थोडा थोडा खचत आला आहे, काँक्रीट आकसलं आहे, बेअरिंग (खांब आणि गर्डर यांच्या मधल्या, थोडं सरकू देणाऱ्या बैठका) झिजली आहेत. म्हणजे सहनशक्तीचा काही भाग आधीच खर्च झालेला आहे. अशाच एका पुलाच्या तपासणीत मी शिडीवर चढून एक्स्पान्शन जॉइंटच्या फटीत स्टीलची पट्टी घातली होती. नकाशाप्रमाणे फट ४० मिलिमीटर हवी होती. पट्टी जेमतेम ८ मिलिमीटर आत सरकली आणि अडली. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढवताना फट खडीने बुजली होती. खालची रोलर बेअरिंग गंजून जाम झाली होती; रोलरच्या दोन्ही बाजूंना गंजाची रेघ अखंड होती, म्हणजे तो कित्येक वर्षं हललेलाच नव्हता. गणिताच्या मॉडेलमध्ये मात्र तीच बेअरिंग मोकळी सरकणारी धरली होती. खांबाचा माथा १० मिलिमीटर सरकला असता तर ते बळ सरळ खांबाच्या पायात गेलं असतं. त्या पुलावरचा पहिला संरक्षक उपाय होता जॉइंट साफ करणं आणि बेअरिंग बदलणं. बोगद्याच्या खर्चापुढे ते काम नगण्य होतं. तुमच्याकडेही प्रत्येक बेअरिंगचा फोटो, प्रत्येक फटीचं माप आणि माप घेताना असलेलं तापमान, एवढं आधी गोळा करा.

आता जमिनीकडे वळू. बोगदा खणताना तो प्रत्यक्ष जेवढी जागा व्यापतो त्याहून थोडी जास्त माती निघते किंवा आत सरकते. या जादा मातीला व्हॉल्यूम लॉस म्हणतात आणि ती बोगद्याच्या क्षेत्रफळाच्या टक्क्यांत मोजतात. चांगल्या हातात, दाब राखणाऱ्या टीबीएमने तो अर्धा ते एक टक्का राहू शकतो. वरची जमीन घंटेच्या उलट्या आकारात खचते. राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही गॉसियन वक्राची पद्धत आजही पहिल्या अंदाजाला पुरते. तुमचे आकडे घालू. क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस मीटर, एक टक्का म्हणजे दर मीटरमागे ०.३३ घनमीटर. चिकणमातीत वक्राची रुंदी ठरवणारं अंतर खोलीच्या साधारण निम्मं, म्हणजे १० मीटर. यातून मध्यावरचा खचाव येतो १३ मिलिमीटर. हीच जमीन वाळूची असती तर ते अंतर ६ मीटरच्या आसपास आलं असतं, खचाव २२ मिलिमीटर झाला असता आणि उतार पावणेतीन पट तीव्र. जादा माती तेवढीच, पण खड्डा अरुंद आणि खोल. म्हणून वाळूचे थर नेमके कुठे आहेत हे पुलाजवळच्या बोअरहोलमधूनच कळायला हवं. दोनशे मीटरवरच्या बोअरचा इथे उपयोग नाही.

आणि हे एका बोगद्याचं झालं. दुसरा बोगदा पहिल्याने हलवलेल्या मातीतून जातो, तेव्हा त्याचा व्हॉल्यूम लॉस बहुधा जास्त निघतो. दोन सारखे वक्र एकावर एक ठेवून बेरीज केली तर अंदाज कमी येतो. तुमच्या अहवालात तसं केलं आहे का ते जरूर पाहा.

मोकळ्या जमिनीचे हे आकडे पाइलवरच्या पुलाला थेट लावता येत नाहीत. पाइलचं टोक कुठे आहे यावर सगळं फिरतं. बोगद्याच्या कडांपासून ४५ अंशांत वर जाणाऱ्या रेषांच्या आत, म्हणजे बोगद्याच्या डोक्यावरच्या पट्ट्यात टोक असेल, तर टोकाखालचा आधार ढिला पडतो आणि पाइल आजूबाजूच्या जमिनीपेक्षाही जास्त खचते. टोक बोगद्याच्या तळापेक्षा खोल आणि बाजूला असेल तर पाइल जमिनीपेक्षा कमी खचते. पण तिथे दुसरी दोन दुखणी असतात. खचणारी माती पाइलला धरून खाली ओढते, म्हणजे तिच्यावर जादा भार येतो. शिवाय बोगद्याच्या पातळीवर पाइल बोगद्याकडे वाकते. तुमच्या २६ मीटरच्या पाइल या दुसऱ्या प्रकारात बसतात, जर त्या खरंच २६ मीटरच्या असतील तर.

या 'जर'साठी मी अडून बसतो. जुन्या पुलांच्या पाइल नकाशापेक्षा आखूड निघणं नवलाचं नाही. मध्येच कठीण थर लागला म्हणून तिथेच थांबलेल्या पाइलची नोंद नकाशावर चढतेच असं नाही. तुमची पाइल प्रत्यक्षात १६ मीटरचीच निघाली, तर तिचं टोक बोगद्याच्या माथ्याच्याही वर येतं आणि सगळा हिशेब पालटतो. याची शहानिशा करायची साधी चाचणी आहे, पॅरलल सिस्मिक. पाइलजवळ एक बोअर मारायचं, त्यात पाइप घालून पाणी भरायचं आणि पाण्यात हायड्रोफोन (पाण्यात चालणारा मायक्रोफोन) अर्धा-अर्धा मीटर खाली सोडत जायचा. प्रत्येक पायरीला वर पाइल कॅपवर (पाइलच्या माथ्यांवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर) हातोड्याचा एक ठोका द्यायचा आणि आवाज पोचायला लागलेला वेळ टिपायचा. काँक्रीटमधून आवाज सेकंदाला सुमारे ४,००० मीटर वेगाने जातो, ओल्या मातीतून साधारण १,५०० मीटरने. खोली आणि वेळेचा आलेख काढला की पाइल संपते तिथे रेघ मोडते. रेघ १६ मीटरवर मोडली तर नकाशा बाजूला ठेवायचा. दोन-चार पाइलवर ही चाचणी केल्याशिवाय पुढचं डिझाइन वाचण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सलग गर्डरबद्दल एक इशारा. अमेरिकेतल्या पुलांसाठीच्या आश्टो संहितेत शेजारच्या दोन आधारांमधल्या खचावाच्या फरकाची मर्यादा सलग गाळ्यांना अंतराच्या ०.००४ पट आणि सुट्या गाळ्यांना ०.००८ पट अशी दिलेली आहे. ३५ मीटरला ०.००४ पट म्हणजे १४० मिलिमीटर. तो आकडा पाहून कुणी 'आपण तर १३ वरच आहोत' असं म्हणत असेल तर थांबवा. सावकाश, काही वर्षांत झालेला खचाव काँक्रीट क्रीपमुळे, म्हणजे कायमच्या भाराखाली हळूहळू आकार बदलत जाण्यामुळे, बऱ्याच अंशी पचवतं. टीबीएम खांबाजवळून काही दिवसांत निघून जातं, तेवढ्यात क्रीपला सवड मिळत नाही आणि पूर्ण बळ गर्डरमध्ये उतरतं. हे बळ खचावाच्या आणि गर्डरच्या कडकपणाच्या प्रमाणात वाढतं आणि गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. त्यामुळे आखूड गाळ्यांच्या, जाड गर्डरच्या पुलाला तोच खचाव कितीतरी जास्त महाग पडतो. सामान्य मर्यादा उचलू नका. तुमच्या गर्डरमधल्या प्रत्यक्ष सळ्या, त्यावर सध्या येणारा भार आणि उरलेली ताकद यांवरून स्वतःची मर्यादा काढा. इमारतींसाठी जी छाननी वापरतात, १० मिलिमीटर खचाव आणि ५०० मध्ये १ उतार, तिच्या आत बसला म्हणून पूल यादीतून काढून टाकू नका. ती गाळणी इमारतींची आहे.

कमानींकडे या प्रश्नात कुणाचंच लक्ष दिसत नाही, आणि मला काळजी त्यांचीच जास्त वाटते. कमानीला दोन्ही पाय सारखे खचल्याचं फारसं काही वाटत नाही. तिला घात करतं ते पाय एकमेकांपासून फाकणं. १० मीटर गाळ्याची, १.२५ मीटर उंचीची बसकी कमान घ्या. पाय १० मिलिमीटर फाकले की माथा सुमारे २० मिलिमीटर खाली येतो. बोगद्याजवळची जमीन फक्त खाली जात नाही, ती बोगद्याच्या मध्याकडे सरकतेही. त्यामुळे नेमक्या बोगद्याच्या डोक्यावर असलेल्या कमानीचे पाय जवळ येतात, ती आवळली जाते. त्याच्या बाहेरच्या कमानीचा जवळचा पाय बोगद्याकडे जास्त सरकतो, लांबचा कमी, आणि कमान उघडते. वरच्याच आकड्यांनी, मध्यापासून १० मीटरवरचा पाय ४ मिलिमीटर सरकतो आणि २० मीटरवरचा पावणेदोन. उघडीप सव्वादोन मिलिमीटरची. एवढ्याने कमान पडत नाही. पण व्हॉल्यूम लॉस दोन टक्क्यांवर गेला, त्यावर दुसरा बोगदा आला आणि दगडांमधला चुना आधीच धुऊन गेलेला असला तर कथा वेगळी. पाहणी करणारे बोगद्याच्या बरोबर वरच्या कमानीत उपकरणांची गर्दी करतात आणि शेजारची मोकळी सोडतात. तसं करू नका. चुना भरून घ्या, कमानीच्या आडव्या दिशेने बांधसळ्या घाला, आणि सगळ्यांत नाजूक कमानीखाली बोगदा जाईपर्यंत लाकडी किंवा लोखंडी सेंटरिंगचा आधार ठेवा.

आता मुख्य मुद्दा. पुलाचं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीचं संरक्षण टीबीएमच्या केबिनमध्ये होतं. आकडे पाहा म्हणजे पटेल. ६.५ मीटर खणलं आणि बोगद्याच्या काँक्रीट अस्तराच्या रिंगचा बाहेरचा व्यास ६.२ मीटर धरला, तर रिंगभोवतीची पोकळी दर मीटरमागे जवळपास ३ घनमीटर होते, म्हणजे खणलेल्या क्षेत्राच्या ९ टक्के. ती भरायला दीड मीटर लांबीच्या रिंगला साडेचार घनमीटर ग्राउट लागतो. त्यात एक दशांश कमी पडला तर व्हॉल्यूम लॉसमध्ये जवळजवळ एक टक्क्याची भर पडते, आणि तुमचा पूर्ण हिशेबच एक टक्क्यावर उभा आहे. म्हणजे एका पंपाचा एक नोझल चोंदला आणि चालकाने रिंग तशीच पुढे ढकलली, तर पाइलभोवतीचं सगळं ग्राउटिंग ती चूक झाकू शकणार नाही. प्रत्येक रिंगला ग्राउटचं घनफळ आणि दाब, दोन्ही मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम करारात लिहून घ्या. नुसता दाब पुरत नाही, कारण चोंदलेल्या नळीतही दाब उत्तम दिसतो.

खणताना मशीन समोरच्या मातीवर जो दाब धरून ठेवतं त्याचंही तसंच. तो किती ठेवायचा हे पुलाच्या पट्ट्यासाठी रिंगवार ठरलेलं असावं. निघालेल्या मातीचं वजन तपासतात ते चांगलं आहे, पण माती वाहून नेणाऱ्या कन्व्हेयर पट्ट्यावरच्या वजनकाट्याची चूकच टक्का-दोन टक्के सहज असते. तुम्हाला शोधायचा आहे तो एक टक्का. त्यामुळे एका रिंगच्या वजनावरून निर्वाळा देता येत नाही. पाच-दहा रिंगांचा कल पाहावा लागतो. मशीनच्या तोंडावरचे कटर (माती कापणारी हत्यारं) पुलापर्यंत पोचण्याआधी बदलून घ्या. पुलाखाली किंवा शेजारी मशीन थांबवायची वेळ येता कामा नये. सुट्टी, शिफ्ट बदल, रिंगांचा पुरवठा, सगळं त्या आठवड्याभोवती आखा. तरीही थांबावं लागलंच तर बेंटोनाइटने (एका चिकण मातीच्या दाट चिखलाने) दाब धरून ठेवायची तयारी हवी. आणि पुलाच्या किमान १०० मीटर आधी, तशाच जमिनीत, उपकरणं लावून एक चाचणीपट्टा घ्या. तिथे मोजलेल्या खचावावरून खरा व्हॉल्यूम लॉस काढा. तो ठरवल्यापेक्षा जास्त आला तर सुधारायला १०० मीटर हातात आहेत. पुलाजवळ पोचून कळलं तर हातात काही नाही.

यानंतर जमिनीतले उपाय. पाइलभोवतीच्या ग्राउटिंगवर माझा आक्षेप असा की ३ मीटरच्या फटीत दाबाने ग्राउट घातला की तो पाइललाच आडवा रेटतो. जेट ग्राउटिंग (जोरदार फवाऱ्याने माती फोडून तिच्यात सिमेंट मिसळून स्तंभ करणं) असेल तर स्तंभ कडक होईपर्यंत तिथे पातळ चिखल असतो, आणि तेवढा वेळ पाइलचा आधार कमी झालेला असतो. संरक्षणासाठी केलेल्या कामातच बोगद्याइतकी हालचाल होऊ शकते. करायचंच असेल तर एकाआड एक स्तंभ घ्या, थोडं थोडं करा आणि प्रत्येक टप्प्याला पुलाची मापं घ्या. तुमच्या मांडणीत, जर पाइल खरंच खोल असतील, तर मधल्या जागेत पाइलची भिंत हा जास्त सरळ उपाय वाटतो. बार्सिलोनात अतिवेगवान रेल्वेचा बोगदा साग्रादा फामिलिया चर्चच्या शेजारून गेला तेव्हा दोहोंच्या मध्ये दीड मीटर व्यासाच्या १०४ पाइलची, सुमारे ४० मीटर खोल भिंत उभी केली होती. टीबीएम तिथून २०१० मध्ये गेलं. मात्र अशा भिंतीचं भोक मारतानाही जमीन हलते, आणि ३ मीटरमध्ये ती बसेल का हे मशीनच्या मापावर ठरेल. पाइल आखूड निघाल्या तर भिंतीपेक्षा अंडरपिनिंगचा विचार करा: बोगद्याच्या प्रभावाबाहेर नव्या पाइल, त्यांच्यावर मोठी कॅप, आणि जॅक लावून भार आधीच नव्या पाइलवर घेणं. जॅक न लावता नुसती कॅप जोडली, तर नव्या पाइलना भार घ्यायला आधी थोडं खचावं लागतं, आणि तेच तर आपल्याला टाळायचं आहे.

कमानींच्या उथळ पायांखाली मात्र कॉम्पेन्सेशन ग्राउटिंग खरोखर कामाला येतं. ठरावीक अंतरावर रबरी बाह्या असलेले पाइप आडवे घालून ठेवायचे, आणि खचाव मोजत मोजत हव्या त्या बाहीतून थोडा थोडा ग्राउट सोडायचा. लंडनच्या ज्युबिली लाइनच्या विस्ताराच्या वेळी, १९९० च्या दशकात, बिग बेनच्या मनोऱ्याचा कल असाच ताब्यात ठेवला होता. या पद्धतीचा जीव मोजमापात आहे. पाइप बसवतानाही जमीन थोडी खचते, म्हणून आधी एकदा ग्राउट करून ती घट्ट करून घ्यावी लागते. आणि मशीन नेमकं खाली असताना त्याच्या डोक्यावर ग्राउट सोडायचा नाही, नाहीतर तो भार रिंगवर किंवा खोदाईच्या तोंडावर जातो.

मोजमापाचा एक बारकावा बहुतेकांना उशिरा कळतो. तुमचा सलग गर्डर १०५ मीटरचा आहे. तापमानात २५ अंशांचा फरक पडला की त्याची लांबी साधारण ३० मिलिमीटरने बदलते. आपण शोधतोय ती हालचाल याहून लहान आहे. म्हणून स्वयंचलित टोटल स्टेशनचे (दुरून जागा मोजणाऱ्या उपकरणाचे) प्रिझम, टिल्टमीटर (कल मोजणारी उपकरणं) आणि पातळी मोजणारे सेल मशीन येण्याच्या काही महिने आधीपासून, दिवसरात्र, तापमानासकट नोंद घेत असले पाहिजेत. एका अशा कामात दुपारी दोनला खांब ५ मिलिमीटर सरकल्याचा इशारा वाजला आणि मशीन थांबवलं गेलं. पहाटेपर्यंत खांब जागेवर. तो उन्हाचा खेळ होता. मशीन मात्र पुलाशेजारीच थांबलेलं राहिलं, म्हणजे ज्याची भीती होती तेच आपण ओढवून घेतलं. टोटल स्टेशन आणि संदर्भाचे बिंदू खचावाच्या पट्ट्याबाहेर आहेत ना, हेही तपासा.

इशाऱ्याच्या पातळ्या पुलाच्या उरलेल्या सहनशक्तीवरून ठरवा, अपेक्षित खचावाला एखाद्या टक्क्याने गुणून नव्हे. प्रत्येक पातळीपुढे कृती आणि ती करणारी व्यक्ती लिहिलेली हवी: दाब कोण वाढवेल, ग्राउट पथक किती वेळात उभं राहील, वाहतूक कुणाच्या एका फोनवर बंद होईल. रात्री तीन वाजता परवानगीची साखळी चालवायला वेळ नसतो. जर्मनीत रास्टाट इथे १२ ऑगस्ट २०१७ रोजी चालू रेल्वेमार्गाखाली, माती गोठवून बोगदा खणताना रूळ खचले, आणि तो महत्त्वाचा मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. माती गोठवण्यासारखा भारी उपाय योजूनही असं होऊ शकतं, म्हणून वाहतूक थांबवायची तयारी कागदावर न ठेवता एकदा प्रत्यक्ष करून बघा.

मशीन पुढे गेलं म्हणून उपकरणं काढू नका. चिकणमातीत पाण्याचा दाब सावकाश पूर्ववत होतो आणि खचाव कित्येक महिने चालू राहतो; बोगद्यात पाणी झिरपत असेल तर आणखी लांबतो. सलग तीन-चार महिने, तापमान वजा करून, रेघ आडवी राहिली की मग गर्डर जॅकने उचलून बेअरिंगखाली पातळ प्लेटा घालून पातळी जुळवून घ्या. तोवर तात्पुरते जॅक आणि त्यांच्या बैठका खांबांच्या माथ्यावरच राहू द्या.

आत्ता लगेच तीन गोष्टी मागवा: जवळच्या खांबाच्या किमान दोन पाइलची पॅरलल सिस्मिक चाचणी, सगळ्या बेअरिंगांची आणि फटींची तापमानासह नोंद, आणि पुलाजवळ नवीन बोअरहोल. पाइलची लांबी कळली की ग्राउटिंग, भिंत की अंडरपिनिंग, हे ठरवायला फार वेळ लागणार नाही.